‘सर्व्हर डाउन’ म्हणण्याआधी

जुलै संपत आला की भोकरच्या सेवा केंद्रांसमोर पीकविम्याची गर्दी लागते. पाळज, किनी, मोघाळी, मातुळ या भागांतून शेतकरी सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून येतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना एकच वाक्य ऐकून परत फिरावं लागतं: “मामा, सर्व्हर डाउन आहे, उद्या या.” उद्या म्हणजे एसटीचं पुन्हा तिकीट, पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडणं, आणि मुदत संपत आली असेल तर विमाच हुकणं. हे वाक्य खोटंच असतं असं मी म्हणत नाही. बरेचदा ते खरंही असतं. दुःख याचं आहे की म्हणणाऱ्याने ते तपासलेलं नसतं, आणि तपासायची सोय त्याच्याच टेबलावरच्या यंत्रात पडून असते.

म्हणून भोकर तालुक्यातल्या सेवा केंद्र चालकांना, शाळा-कॉलेजांतल्या संगणक शिक्षकांना आणि बीसीए, बीएस्सी, पॉलिटेक्निक करणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. तुमच्या यंत्रातून तारेवर काय जातं आणि काय परत येतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शिका. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये एक सोय चालू असावी लागते. ती आहे का बघा, नसेल तर चालू करा, आणि ती कोणाच्या हाती राहील हे नीट विचार करून ठरवा. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी आहे आणि तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड सगळं त्याच्या ताब्यात असतं. ब्राउझरसारखा प्रोग्राम त्यांना थेट हात लावू शकत नाही. नेटवर्कवरून मजकूर लहान तुकड्यांत ये-जा करतो. इथरनेटवर असा एक तुकडा साधारण दीड हजार बाइटपर्यंतचा असतो, त्याला पॅकेट म्हणतात. कार्डावर आलेलं पॅकेट कर्नल हातात घेतो, ते कोणत्या प्रोग्रामचं हे ठरवतो, वरची वेष्टणं काढतो आणि आतला मजकूर तेवढा त्या प्रोग्रामच्या हवाली करतो. त्यामुळे ब्राउझरला ‘पान आलं’, ‘पान आलं नाही’ किंवा फार तर एखादी ढोबळ चूक, एवढंच कळतं. पॅकेट आपल्याकडून निघालं होतं का, वाटेत हरवलं का, की समोरून नकार आला, ही तपशीलवार हकीकत कर्नलपाशीच राहते. ती आपल्याला हवी असेल तर कर्नलने पॅकेटची एक प्रत बाजूला काढून द्यायला हवी. पॅकेट कॅप्चर म्हणतात ते हेच.

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पॅकेट पकडणारा टीसीपीडम्प नावाचा प्रोग्राम लिहिला. तो आजही जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर मिळतो. पुढे स्टीव्हन मॅकॅन आणि जेकबसन यांनी १९९२ मध्ये ‘बर्कली पॅकेट फिल्टर’वरचा निबंध लिहिला. त्याआधीच्या पद्धतींत बरेचदा पॅकेट्स आधी कॉपी व्हायची आणि नको ती नंतर गाळली जायची. यात यंत्राचा दम निघायचा. या दोघांनी कर्नलमधली गाळणी कॉपीच्या आधी बसवली: निवड आधी, कॉपी नंतर. सन कंपनीच्या तेव्हाच्या पद्धतीपेक्षा त्याच यंत्रावर शंभरपटीपर्यंत वेग मिळतो, असं त्यांनी मांडलं. लिनक्समध्ये ही गाळणी २.२ या कर्नलपासून, म्हणजे १९९९ पासून आहे. आपल्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीची यंत्रं अजून रोज कामाला असतात, आणि त्यांच्यावरही पॅकेट पकडण्याचं काम सहज होतं ते या कल्पनेमुळे.

आता तुमच्या यंत्रात ती सोय आहे का, ते बघू. लिनक्समध्ये तिचं नाव ‘पॅकेट सॉकेट’ आणि कर्नलच्या सेटिंगमधली तिची ओळ ‘कॉन्फिग_पॅकेट’. यंत्रातल्या ‘बूट’ या फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ या शब्दाने सुरू होणारी आणि पुढे कर्नलचा क्रमांक असलेली एक फाइल असते. साध्या एडिटरने ती उघडा, ही ओळ शोधा. पुढे वाय असेल तर सोय कर्नलमध्येच बांधलेली आहे. एम असेल तर ती वेगळ्या मॉड्यूलमध्ये आहे आणि ‘एएफ_पॅकेट’ हे मॉड्यूल चढवलं की चालू होते. ओळीत ‘इज नॉट सेट’ असं असेल तर ती बंद आहे. डेबियन, उबंटू, फेडोरा यांनी दिलेल्या कर्नलमध्ये ती चालूच असते, त्यामुळे तुमच्यातल्या बहुतेकांचं काम इथेच संपेल. टीसीपीडम्प किंवा पॅकेट्स पडद्यावर उलगडून दाखवणारा वायरशार्क बसवा आणि पुढे चला.

अडचण येते ती कोणीतरी हाताने कर्नल बांधून दिलेल्या यंत्रावर, जुन्या छोट्या बोर्डावर, किंवा जागा वाचवण्यासाठी सगळं छाटून टाकलेल्या सिस्टीमवर. तिथे टीसीपीडम्प सुरू करताच ‘अॅड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो. आणखी एक लक्षण आहे, ते ओळखून ठेवा: यंत्राला राउटरकडून आयपी पत्ताच मिळत नाही. याचं कारण असं की पत्ता मिळण्याआधी यंत्राला नेहमीच्या मार्गाने बोलता येत नाही, म्हणून पत्ता मागणारा डीएचसीपीचा प्रोग्राम याच पॅकेट सॉकेटचा आधार घेतो. सोय बंद असेल तर केबल ठीक, राउटर ठीक, दिवे लुकलुकतात, आणि तरी इंटरनेट नाही. अशा वेळी नेटवर्क कार्ड बदलण्याचा खर्च करण्याआधी ती एक ओळ बघा.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूळ कर्नल-सेटिंगच्या फाइलमध्ये या सोयीच्या ओळीवर वर्षानुवर्षं एक टीप आहे. ही सोय चालू केली तर कारभारावर काय परिणाम होतील ते लक्षात ठेवा, असं ती टीप सांगते, आणि लगेच पुढे सांगते की डीएचसीपीसाठी ही लागतेच. मला ती टीप फार मोलाची वाटते. रोजच्या साध्या कामाला लागणारी आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकू देणारी सोय एकच आहे. ती बंद ठेवून कोणी सुरक्षित होत नाही. ती कोण वापरू शकतो, हे आपल्याला ठरवावंच लागतं.

कर्नल खरोखरच नव्याने बांधायचा असेल तर घाई करू नका. मूळ कोड कर्नल डॉट ऑर्ग या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. फाइल शंभर एमबीहून मोठी आहे आणि बांधताना वीस-पंचवीस जीबी मोकळी जागा हाताशी असलेली बरी. चालू असलेल्या कर्नलची कॉन्फिग फाइल आधी मूळ कोडाच्या फोल्डरमध्ये ‘.config’ या नावाने आणून ठेवा, म्हणजे सगळं पहिल्यापासून निवडावं लागणार नाही. मग ‘मेक मेनूकॉन्फिग’ ही आज्ञा द्या. निळ्या पडद्यावर ‘नेटवर्किंग सपोर्ट’, त्यात ‘नेटवर्किंग ऑप्शन्स’, आणि त्यात ‘पॅकेट सॉकेट’ सापडेल. तिथे वाय करा आणि साठवा. त्यानंतर मेक, मग मॉड्यूल बसवणं, मग कर्नल बसवणं, या क्रमाने जायचं. जुन्या दोन कोअरच्या यंत्रावर यात अख्खी रात्र जाऊ शकते. मधेच लाइट गेली तर घाबरू नका. पुन्हा ‘मेक’ दिलं की झालेलं काम बहुतेक शाबूत असतं आणि पुढचं सुरू होतं.

दोन धोके आधीच सांगतो. वेळ वाचवण्यासाठी ‘लोकलमॉडकॉन्फिग’ नावाची पद्धत वापरतात. तिच्यात त्या क्षणी वापरात असलेलीच मॉड्यूल्स ठेवली जातात, बाकीची गळतात. म्हणून ती चालवण्याआधी प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह, बाहेरचं वायफाय, जे जे वर्षभरात लागतं ते सगळं एकदा जोडून घ्या. नाहीतर कर्नल छान चालेल आणि पावती छापायच्या वेळी प्रिंटर सापडणार नाही. दुसरं, यंत्रात सिक्युअर बूट चालू असेल तर घरी बांधलेला कर्नल सही नसल्यामुळे उठणार नाही. सिक्युअर बूट बंद करून टाका असं कोणी सांगेल. तसं करण्यापेक्षा स्वतःची किल्ली यंत्रात नोंदवून कर्नलवर सही करण्याची पद्धत शिका. आणि काहीही झालं तरी जुना कर्नल पुसू नका. सुरुवातीच्या मेनूत तो राहू द्या. नव्याने दगा दिला तर सकाळी केंद्र उघडायला तोच कामी येईल.

‘मेनूकॉन्फिग’मध्ये यूएसबीच्या भागात ‘यूएसबी मॉन’ नावाची आणखी एक सोय दिसेल. तिने नेटवर्कऐवजी यूएसबीवरची ये-जा पकडता येते. उपकरणाचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ती हवी. सेवा केंद्राच्या यंत्रावर मात्र कीबोर्ड यूएसबीवर असतो, आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्रही. पासवर्डाचं एकेक अक्षर त्या मार्गाने जातं. तिथे ही सोय चालू करू नका, आणि कोणी ‘सहज’ चालू करून देतो म्हणाला तर नको म्हणा.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात, कारण सेवा केंद्रांत बहुतेक यंत्रं तीच आहेत. विंडोजचा कर्नल आपल्याला बांधता येत नाही, म्हणून तिथे पॅकेटची प्रत काढायला एनपीकॅप नावाचा ड्रायव्हर बसवतात. वायरशार्क बसवताना तो सोबतच येतो. बसवताना एक चौकट विचारते की याचा वापर फक्त अॅडमिनिस्ट्रेटरपुरता ठेवायचा का. तिथे होय म्हणून खूण करा. काहीच बाहेरून बसवायचं नसेल तर विंडोज १० मध्ये २०१८ च्या उत्तरार्धापासून ‘पॅकेटमॉन’ नावाचं साधन आतच आलेलं आहे.

आता या सगळ्याचा उपयोग. अर्ज अडकला की आधी पोर्ट ५३ कडे बघा. पोर्टलच्या नावावरून त्याचा पत्ता विचारणारं डीएनएसचं पॅकेट तिथून जातं. प्रश्न गेला आणि उत्तर आलंच नाही, तर दोष बहुधा पोर्टलचा नाही. राउटरमध्ये किंवा इंटरनेट देणाऱ्याकडे आहे. डीएनएस बदलून बघा, लगेच फरक पडू शकतो. पत्ता मिळाला, तर पुढे तुमचं यंत्र ‘सिन’ नावाचं पॅकेट पाठवून जोडणी मागतं. तेच पॅकेट पुन्हा पुन्हा जाताना दिसलं आणि पलीकडून काहीच नाही, तर वाट कुठेतरी तुटली आहे, किंवा सर्व्हर खरोखरच उत्तर देण्याच्या अवस्थेत नाही. अशा वेळी मोबाइलच्या डेटावरून तेच पान उघडून बघा. तिकडून उघडलं तर सर्व्हर जिवंत आहे आणि तक्रार आपल्या इंटरनेटवाल्याकडे करायची. ‘रिसेट’ आलं, तर पलीकडच्याने दार लावून घेतलं आहे. आणि जुलैअखेर सगळ्यात जास्त दिसेल असा प्रकार वेगळाच: जोडणी काही मिलिसेकंदांत होते, तुमचा अर्ज पोचल्याची पोचही येते, मग तीस-चाळीस सेकंद शांतता. म्हणजे तुमचं इंटरनेट उत्तम आहे आणि पलीकडची यंत्रणा ओझ्याखाली आहे. तेव्हा राउटर दहादा बंद-चालू करून काही होणार नाही, उलट रांगेतली जागा जाईल. शेतकऱ्याला सांगा, “मामा, आपलं नेट चांगलं आहे, तिकडे गर्दी आहे. कागद ठेवून जा, रात्री मी भरतो, पावती सकाळी घ्या.” त्या माणसाचं एसटीचं तिकीट वाचतं.

हे ताडून बघायला चांगल्या दिवसाचं माप लागतं. मे-जूनमधल्या एखाद्या निवांत सकाळी पाच मिनिटांची नोंद घेऊन ठेवा: नावाचं उत्तर किती मिलिसेकंदांत आलं, जोडणी किती वेळात झाली. हे दोन आकडे कागदावर लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा. त्याआधी यंत्राचं घड्याळ इंटरनेटवरून बरोबर लावून घ्या. चुकीच्या वेळेची नोंद तक्रारीत कोणी ग्राह्य धरत नाही. टीसीपीडम्प थांबताना शेवटी तीन आकडे देतो, त्यातला ‘ड्रॉप्ड बाय कर्नल’ हा आकडा शून्याहून जास्त असेल तर काही पॅकेट्स नोंदीतून सुटली आहेत, त्यावरून निष्कर्ष काढू नका. गाळणी आणखी नेमकी करून पुन्हा घ्या. बाहेर जाणारी काही पॅकेट्स दीड हजार बाइटपेक्षा मोठी किंवा चेकसम चुकलेली दिसतील. तो बिघाड नव्हे. तुकडे पाडण्याचं आणि चेकसम काढण्याचं काम आजकाल नेटवर्क कार्ड करतं, आणि आपली प्रत त्याच्या आधीच निघालेली असते.

यापुढचं सगळ्यांनी वाचावं, संगणकाशी संबंध नसला तरी. कारण पॅकेट ज्याला दिसतं त्याला नेमकं काय दिसतं, हे आपल्या सगळ्यांच्या कागदपत्रांशी निगडित आहे.

बँकेची, सरकारी पोर्टलची पानं आता बहुतेक एचटीटीपीएसने जातात. बंद टपालासारखं समजा: कोणाकडे गेलं, किती जड होतं आणि किती वाजता निघालं ते कळतं, आतलं वाचता येत नाही. म्हणून वायरशार्क उघडला की सगळ्यांचे ओटीपी दिसतात, ही भीती अनाठायी आहे. यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या साध्या स्विचवर तर शेजारच्या यंत्राची पॅकेट्स तुमच्यापर्यंत सहसा येतच नाहीत. तुमची स्वतःची आणि सगळ्यांसाठी सोडलेली तेवढी दिसतात.

पण केंद्राच्या चार भिंतींच्या आतली ये-जा बहुतेक उघडीच असते. नेटवर्कवरचा प्रिंटर घ्या. छपाईचा मजकूर बहुतेक ठिकाणी पोर्ट ९१०० वरून जसाच्या तसा, कुठलंही कुलूप न लावता जातो. तुम्ही छापलेलं आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक त्या पॅकेट्समधून पुन्हा जुळवता येतं. राउटरचं सेटिंगचं पान अजूनही पुष्कळ ठिकाणी साध्या एचटीटीपीवर उघडतं, म्हणजे त्याचा पासवर्ड वाचता येतो. सीसीटीव्हीच्या जुन्या डीव्हीआरचंही तेच. मी केंद्र चालकांना कळकळीने सांगतो: प्रिंटर शक्य असेल तर यूएसबीने जोडा, आणि ग्राहकांना दिलेलं वायफाय व कामाची यंत्रं एकाच नेटवर्कवर ठेवू नका. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करायची सोय असते. आज संध्याकाळी दुकान बंद करताना ती चालू करा.

आणि म्हणूनच, कर्नलमध्ये सोय चालू आहे याचा अर्थ ती सगळ्यांना मोकळी आहे असा नसतो आणि नसावा. लिनक्समध्ये पॅकेट सॉकेट उघडायला ‘कॅप_नेट_रॉ’ नावाचा खास अधिकार लागतो. साध्या वापरकर्त्याला तो नसतो. कंटाळून लोक काय करतात, तर सगळा वायरशार्कच रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवतात. हे करू नका. वायरशार्क शेकडो प्रकारच्या पॅकेट्सचा अर्थ लावतो, त्यासाठी त्याचा कोड प्रचंड आहे, आणि अर्थ लावणाऱ्या भागांत वेळोवेळी चुका सापडलेल्या आहेत. बाहेरून मुद्दाम बिघडवलेलं एक पॅकेट आलं तर त्या चुकीतून रूटचा अधिकारच हातचा जाऊ शकतो. म्हणून त्याच्या कर्त्यांनी पकडण्याचं काम डम्पकॅप नावाच्या छोट्या प्रोग्रामला वेगळं काढून दिलं. अधिकार द्यायचा तो फक्त त्याला. डेबियन आणि उबंटूवर वायरशार्क बसवताना विचारलं जातं की रूट नसलेल्यांनाही पकडू द्यायचं का; ठरलेलं उत्तर ‘नाही’ असतं. ‘होय’ म्हटलं, तर ‘वायरशार्क’ नावाच्या गटातल्या लोकांनाच ते जमतं. त्या गटात एकच नाव ठेवा, जबाबदार माणसाचं. केंद्रावर कामाला असलेल्या प्रत्येक मुलाला रूटचा पासवर्ड सांगून ठेवलेला असेल, तर वरचं सगळं व्यर्थ आहे.

कोणाला वाटेल, भोकरसारख्या गावात एवढं कशाला? पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेला, या सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि १३ कोटींहून जास्त रक्कम हाँगकाँगमधल्या खात्यात वळवली गेली. एटीएमचा व्यवहार मंजूर करायची विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीकडे जायला हवी. तिच्याऐवजी मध्ये बसवलेला एक बनावट स्विच, म्हणजे व्यवहाराचे संदेश वळवणारी यंत्रणा, मंजुरी देत होता. म्हणजे संदेश चुकीच्या ठिकाणी जात होते आणि उत्तरं चुकीच्या ठिकाणाहून येत होती. असल्या हल्ल्याला एका टीसीपीडम्पने कोणी थोपवलं असतं असा दावा मी करणार नाही. पण आपल्या नेटवर्कवर कोण कोणाशी बोलतं हे रोज बघणारा माणूस संस्थेत असावा, हे त्यातून शिकायलाच हवं. आपल्या तालुक्यात पतसंस्था आहेत, बाजार समिती आहे, दवाखाने आहेत. त्यांच्या संचालकांनी आपल्या संगणकवाल्याला एवढंच विचारावं: आपली यंत्रं रात्री कोणाशी बोलतात? उत्तर येत नसेल तर ते शोधायला त्याला वेळ आणि अधिकार द्या.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी कार्यालयांसाठी निर्देश काढले: ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, नोंदी १८० दिवस जपायच्या, यंत्रांची घड्याळं ठरलेल्या वेळेशी जुळवून ठेवायची. या नोंदी म्हणजे लॉग. कोण, कधी, कुठून. अख्ख्या पॅकेट्सचा साठा करून ठेवा असं त्यात नाही, आणि करूही नका. पॅकेट्सच्या फाइलमध्ये लोकांची माहिती असते. काम झालं की ती पुसा. ती व्हॉट्सअॅपवर मित्राला ‘बघ रे काय प्रॉब्लेम आहे’ म्हणून पाठवू नका. मदत हवीच असेल तर वेष्टणापुरता भाग ठेवून आतला मजकूर छाटूनच नोंद घ्या. टीसीपीडम्पमध्ये प्रत्येक पॅकेटचे किती बाइट ठेवायचे ते सांगता येतं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याशी थोडं कडक बोलतो. हे साधन हाती आलं की पहिला मोह होतो तो हॉस्टेलच्या, हॉटेलच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर लावून बघण्याचा. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमधली माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे. तो तुमच्या रूममेटलाही आहे. शिकायचं असेल तर स्वतःची दोन यंत्रं आणि एक स्विच पुरतात. एकाच यंत्रात दोन आभासी यंत्रं चालवली तरी भागतं.

शिक्षकांकडे एक मागणी आहे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो, विष्णुपुरीची श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था असो, लातूरचं पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन असो, नेटवर्किंगच्या तासाला मुलं थरांची नावं पाठ करतात. त्यांना एकदा तरी कर्नलचा तो मेनू उघडू द्या, पॅकेट सॉकेट बंद करून कर्नल बांधू द्या, यंत्राला पत्ता का मिळत नाही हे स्वतः शोधू द्या आणि मग चालू करून बघू द्या. लॅबमधलं एक जुनं यंत्र त्यासाठी बिघडलं तरी चालेल.

आणि मग त्या मुलांना आपापल्या गावच्या सेवा केंद्रात पाठवा. जाताना हातात कागद असू द्या: कोणत्या यंत्रावर, कोणत्या दिवशी, किती मिनिटं नोंद घेणार, गाळणी काय लावणार, फाइल कधी पुसणार, खाली केंद्र चालकाची सही. केंद्र चालकांनो, असा कागद घेऊन एखादी मुलगी किंवा मुलगा आला तर गर्दी नसलेली वेळ सांगा, त्यांना बसायला खुर्ची द्या, आणि नोंद घेऊन झाली की ते दाखवतील तो पडदा शेजारी बसून शेवटपर्यंत बघा.